गेलेल्या हाताची भरपाई

गिरणी चालू असली की आतलं ऊन दुधासारखं दिसायचं. पत्र्याच्या भिंतीला वरच्या बाजूनं भोकं होती. त्यांतून किरण तिरके उतरायचे आणि कोंड्याची धूळ त्यांत तरंगत राहायची. त्या धुळीत आम्ही बाया एकमेकींना अर्ध्यामुर्ध्याच दिसायचो. कुणाचा पदर, कुणाच्या डोक्यावरची पाटी, कुणाचे नुसतेच पाय. आंबेमोहोर भरडायला आला की वासानं डोकं जड व्हायचं. तो काळ मला ठरवून आठवू म्हटलं तर आठवत नाही. दुपारी पुस्तक छातीवर ठेवून डोळा लागायच्या बेतात असते, तेव्हा तो आपोआप येतो.

ही भाताची गिरणी लोणावळ्याच्या अलीकडे, रेल्वेच्या रुळांना लागून होती. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची काही वर्षं. मी जवळच्याच औंढे गावची. लग्न होऊन सासरी गेले होते, पण नवरा मुंबईला कापडाच्या गिरणीत लागला आणि तिकडंच दुसरं घर करून बसला. सासरच्यांनी काही दिवस सांभाळलं, मग एका सकाळी सासऱ्यांनी मला औंढ्याच्या वेशीपर्यंत आणून सोडलं आणि पाठ फिरवली. आबा, म्हणजे माझे वडील, अंगणात बैलासाठी मेख ठोकत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, हातातला दगड खाली ठेवला.

"आलीस? बरं झालं. चूल पेटव."

त्यावर पुन्हा कधी ते काही बोलले नाहीत. आई मी लहान असतानाच गेली होती.

कापणी झाली की गावच्या काही बाया गिरणीत कामाला जात. मला तिथं नेलं मावशीनं. ती नात्यातली नव्हती, शेजारी एकटी राहायची, सगळं गाव तिला मावशीच म्हणे. उजाडायच्या सुमाराला ती आमच्या दाराशी येऊन खोकायची. तो खोकला म्हणजे हाक. वाटेवर धुकं असायचं, शेजारचा बांधही दिसायचा नाही. मावशी पुढं, मी मागं, तिच्या वहाणांच्या आवाजावर मी चालायचे. मध्येच ती थांबून म्हणायची, "हायेस न्हवं?" मी म्हणायचे, "हाय." एवढंच बोलणं होऊन गिरणी यायची.

गिरणीत बोलणं नव्हतंच. इंजिन सुरू झालं की कानात दुसरं काही शिरत नसे. सगळं हातानं चाले. मुकादमानं तळवा उलटा केला की पाटी ओत. दोन बोटं वर केली की पोतं शिवायला घे. आणि मूठ उघडून, लग्नात अक्षता टाकाव्यात तशी बोटं झटकली की पट्ट्याला राळ लाव. इंजिनावरून यंत्राकडं कातड्याचा एक लांब पट्टा फिरत असे. तो घसरायला लागला की यंत्र मंदावायचं आणि तांदूळ तुटायचा. मग राळेची पूड पट्ट्यावर टाकली की पट्टा पुन्हा घट्ट धरायचा. त्यासाठी इंजिन थांबवायला हवं, पण थांबवलेलं इंजिन पुन्हा सुरू करायला वेळ जातो म्हणून गिरणीच्या शेटला ते चालत नसे. पट्ट्यापुढं पूर्वी लोखंडी जाळी होती. दर वेळी ती काढायची आणि लावायची कुणी, म्हणून ती काढून भिंतीला टेकवली होती. तिच्यावर आम्ही ओली गोणपाटं वाळत घालायचो.

राळ टाकायचं काम माझ्याकडं आलं, कारण माझा हात हलका आहे असं मुकादमाचं म्हणणं. मला ते काम आवडायचं. राळ तापल्या कातड्याला लागली की देवळासारखा वास सुटायचा. पट्टा डोळ्यांपुढून वाहत राहायचा, आणि बघता बघता तोच थांबलाय आणि आपणच कुठंतरी वाहत चाललोय असं वाटायचं.

त्या दिवशीही तसंच वाटलं. मुकादमानं बोटं झटकली, मी मूठ भरून पुढं झाले. आधी बांगड्या फुटल्याचा आवाज आला. इंजिनाच्या त्या गलक्यात तो ऐकू येणं शक्य नाही हे मला कळतं, पण मला तो आला, अगदी बारीक, पाण्यात खडीसाखर तडकावी तसा. मग कुणीतरी माझा हात धरून मला वर, छपराकडं न्यायला लागलं. मला भीती वाटली नाही. एवढंच वाटलं, की आता इतक्या घाईनं कुठं? मागून मावशीनं कमरेला मिठी मारली ते आठवतं. धुळीत सगळ्या बायांचे हात एकाच वेळी वर झालेले आठवतात. आणि इंजिन थांबल्यावर पडलेली शांतता. तेवढी शांतता मी त्या गिरणीत पहिल्यांदाच ऐकली. बाहेर एक कावळा ओरडत होता.

शुद्धीवर आले ती लोणावळ्याच्या दवाखान्यात. उजवा हात कोपराच्या थोडा खाली संपत होता. आबा खाटेपाशी उकिडवे बसले होते.

"आबा, बोटं दुखत्यात," मी म्हणाले.

त्यांनी माझा डावा हात हातात घेतला आणि बोटं चोळायला लागले. मी सांगितलं नाही, की ही नव्हेत.

गेलेली बोटं पुढं कितीतरी दिवस माझ्याजवळच होती. कधी त्यांना मुंग्या यायच्या. कधी ती मूठ मिटून घेत आणि काही केल्या उघडत नसत. पडल्या पडल्या मी त्यांना समजवायचे, सोडा आता. दुपारच्या वेळी खिडकीतून ढग आत येतो की काय असं वाटायचं, लोणावळ्याचे ढग ते, छपरांवरून चालतात. त्या पांढऱ्यात माझा हात मला पुरा दिसायचा, बांगड्यांसकट.

तिथं एक नर्सबाई होत्या. रत्नागिरीकडच्या, नवरा वारलेला, स्वतः शिकून उभ्या राहिलेल्या. मी छताकडं बघत पडते हे पाहून त्यांनी एक दिवस पाटी-पेन्सिल आणून माझ्या पोटावर ठेवली.

"डाव्या हातानं रेघा ओढ. रिकामं पडून राहू नकोस."

रेघांची पुढं अक्षरं झाली. वेडीवाकडी, एका कुशीवर झोपलेली.

त्यांनीच आबांना कायद्याचं सांगितलं. "काम करताना हात गेला, तर मालकानं भरपाई द्यायची असते. तसा कायदा आहे. पुण्याच्या कोर्टात एक साहेब बसतात, ते ही कामं बघतात."

आबा घुटमळले. "शेटनं तिला गाडीत घालून हितं आनलं. त्येच्या इरुद्ध कसं जावं?"

"गाडीत घातलं हे माणुसकीनं केलं. हाताचं वेगळं."

"म्हंजी भीक न्हाई न्हवं ती?" मी विचारलं.

"नाही गं. तुझं आहे ते."

मला वाटतं आबा तयार झालेच नसते, पण मी घरी आल्यावर शेटचा मुनीम औंढ्याला आला. बरोबर तांदळाचं पोतं. ओसरीवर बसून गोड बोलला. वर्षाचे तांदूळ देऊ, सणाला लुगडं देऊ, आपसात मिटवू. मग त्यानं लिहून आणलेला कागद पसरला, शाईची डबी उघडली आणि सवयीनं म्हणाला, "हां, उजवा अंगठा."

म्हणाला आणि त्याचं त्यालाच कळलं. डबी हातात तशीच राहिली.

आबा उठून उभे राहिले. इतके उंच ते मला कधी वाटले नव्हते. "घ्या की मुनीमजी. गिरनीतच ऱ्हायलाय त्यो. शोधा आन घ्या लावून."

पोतं त्यानं परत नेलं नाही. आबांनी ते दुसऱ्या दिवशी बैलगाडीत घालून गिरणीच्या दाराशी ठेवून दिलं. परत आल्यावर म्हणाले, "त्या बाईला सांग, काय लिवायचं त्ये लिव म्हनावं."

नर्सबाईंनी अर्ज लिहून पुण्याला पाठवला. शेटकडून उत्तर गेलं ते असं: बायांनी पट्ट्याजवळ जायचं नाही अशी सक्त ताकीद होती, या बाईनं ती मोडली, जाळीही तिनंच काढली. नर्सबाईंनी मला समजावून सांगितलं, की हुकूम मुद्दाम मोडला असं ठरलं, तर मालक सुटतो. आता गिरणीतलं कुणीतरी येऊन खरं सांगायला हवं.

गिरणीतलं कोण येणार? हंगाम अजून चालू होता. सगळ्यांच्या चुली त्यावर होत्या. मावशीचीही होती. मी तिला विचारलं नाही. ती रोज संध्याकाळी येऊन माझी वेणी घालून द्यायची, तिनंही विषय काढला नाही.

तारखेच्या दिवशी आबा आणि मी लोणावळ्याच्या फलाटावर उभे होतो. धुकं होतं. गाडीचा उजेड आधी आला, गाडी मागून. तेवढ्यात बाजूला कुणीतरी खोकलं. मावशी, धुतलेलं लुगडं नेसून, बोचकं काखेत.

"मुनीम म्हनला, गेलीस तर परत येऊ नगंस," ती म्हणाली.

"मग?"

"मी म्हनलं, बरं."

पुण्यापर्यंत ती खिडकीतून बघत होती. गाडीत बसायची तिची ती पहिलीच खेप. मळवलीच्या पुढं धुकं फाटलं आणि शेतं दिसू लागली तेव्हा ती हळूच म्हणाली, "सगळं मागं मागं पळतंय गं. आपुन हितंच हाय."

कोर्ट मला मोठं, थंड आणि रिकामं वाटलं. साहेब आपल्यातलेच, मराठी बोलणारे, डोक्याला पगडी. शेटचे वकील काळ्या डगल्यात. मला काय काय विचारलं ते आता आठवत नाही. मी उत्तरं दिली, पण माझाच आवाज मला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा येत होता. मग मावशीला उभं केलं. तिनं सांगितलं, की मुकादम सांगायचा तेव्हाच ही राळ टाकायची, रोज टाकायची, आणि जाळी ही पोर कामावर यायच्या आधीपासनं भिताडाला हाय.

वकील उठले. "बाई, इंजिन चालू असताना गिरणीत काही ऐकू येतं?"

"न्हाई."

"शेजारचं माणूस बोललेलं?"

"न्हाई येत."

"मग मुकादमानं हिला राळ टाकायला सांगितलं, हे तू ऐकलंस कसं?"

कोर्टात कुणीतरी हसलं. मला वाटलं, संपलं. मावशी मात्र गोंधळली नाही, तिला प्रश्नच कळला नसावा.

"ऐकायचं कशाला, सायेब? त्यो असं करतो."

आणि तिनं मूठ उघडून बोटं झटकली.

पुढचं मी केलं असं म्हणता येणार नाही. पदराखालचा माझा थोटा हात उचलला गेला. आधी मागं, राळेच्या डब्यापर्यंत जावा तेवढा, मग पुढं आणि वर. नसलेल्या बोटांनी पूड धरली होती, ती मला हाताला लागत होती. पदर सरकून खाली पडला. हात हवेत तसाच राहिला, फिरत्या पट्ट्यासमोर राहायचा तसा. आबांनी हलकेच तो धरून खाली घेतला.

साहेबांनी चष्मा काढला होता. ते माझ्या हाताकडं पाहत होते. मग मावशीकडं. शेवटी वकिलांना म्हणाले, "आणखी काही विचारायचंय?"

वकील म्हणाले, "नाही."

त्यानंतर मुकादमालाही बोलावणं गेलं. त्यानं आढेवेढे घेतले, पण शेवटी जाळी आधीपासून काढलेली होती हे कबूल केलं. निकाल माझ्या बाजूनं लागणार अशी बातमी औंढ्यात माझ्याआधी पोचली. औंढ्यातून ती मुंबईलाही गेली असावी. कारण एका संध्याकाळी माझा नवरा आमच्या अंगणात उभा राहिला.

हातात मिठाईचा पुडा, डोक्याला तेल. मी त्याचा चेहरा विसरले होते. स्वप्नात एखादा माणूस आपला नवरा असतो आणि जागेपणी तो कोण ते आठवत नाही, तसं काहीतरी वाटलं. तो आबांच्या पाया पडला. "झालं गेलं इसरा. खोली घेतलीय म्या. हिला न्यायला आलोय." बोलताना तो माझ्या डाव्या हाताकडं, चुलीकडं, छपराकडं बघत होता. उजवीकडं त्याची नजर वळतच नव्हती.

आबांचा चेहरा उजळला. लेक नांदायला जाणार, यापुढं त्यांना काही सुचेना. त्यांना दोष देत नाही. ते रात्री जेवताना मला म्हणाले, "तुजी भरपाई घेऊन त्यो धंदा काडतो म्हनतोय. तुजंबी बरं हुईल." मी भाकरी मोडत बसले. डाव्या हातानं भाकरी मोडणं तेव्हा मला अजून नीट जमत नव्हतं.

शेवटच्या तारखेला आबा, मावशी आणि माझ्याबरोबर तोही पुण्याला आला. साहेबांनी निकाल वाचला, शेटनं भरपाई कोर्टात भरायची असं सांगितलं. नवरा लगेच पुढं सरसावला. "सायेब, मी हिचा मालक. माज्याकडं द्यावं."

साहेबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाईमाणसाची भरपाई इथं जमा होते. ती कशी आणि कुणाला द्यायची हे मी ठरवतो. कुणा नवऱ्याच्या किंवा बापाच्या हातात ती परस्पर जात नाही." मग माझ्याकडं वळले. "बाई, हात तुमचा गेलाय. तुमची काय इच्छा आहे?"

मला असा प्रश्न त्याआधी कुणी विचारला नव्हता. खिडकीबाहेर एक मोठं झाड होतं, त्याची सावली फरशीवर हलत होती. मी तिच्याकडं बघत राहिले. एक उत्तर कुठून तरी चालत येत होतं, माझंच होतं, पण ते येईपर्यंत ते काय आहे हे मलाही ठाऊक नव्हतं.

"मला साळंत बसायचंय," मी म्हणाले.

नवरा हसला. आबा माझ्याकडं बघायला लागले.

"शाळेत? या वयात?" साहेबांनी विचारलं. आवाज मऊ होता.

"व्हय. डाव्या हातानं लिवायला येतं मला. थोडं थोडं."

"शिकून काय करणार?"

"ठावं न्हाई, सायेब."

आता साहेब हसले, पण वेगळं. नर्सबाई कोर्टात होत्या. त्यांनी उठून सांगितलं, की पुण्यात मोठ्या वयाच्या बायकांना ठेवून घेऊन शिकवणारी एक संस्था आहे, तिथं त्या माझ्यासाठी बोलून आल्या आहेत. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. माझ्या रेघा बघूनच त्यांनी काही ठरवलं असावं. साहेबांनी लिहून दिलं, की भरपाई कोर्टानं सांभाळायची आणि माझ्या राहण्या-शिकण्याला लागेल तसतशी त्या संस्थेला द्यायची.

नवरा कोर्टाच्या पायऱ्यांवरूनच निघून गेला. आता मिठाईचा पुडा परत न्यायला येणार का, असं मावशीनं त्याच्या मागून मोठ्यानं विचारलं, तेव्हा मात्र आबासुद्धा हसले. परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले. तळेगाव गेल्यावर म्हणाले, "तुजी आय असती, तर तिनं हेच मागितलं असतं. तिला लय हौस व्हती. मी कधी इचारलं न्हाई तिला."

पुण्याची ती वर्षं धुरकट झाली आहेत. लांब ओसरी, ओळीनं वाळणारी लुगडी, माझ्याहून लहान मुलींच्या रांगेत मी, मोठी, थोटी, पाटी गुडघ्यावर धरलेली. पहिल्यांदा एक आख्खं पान वाचता आलं त्या दुपारी मी कुणालाच सांगितलं नाही. आडात वाकून पाण्याकडं पाहत बसले. गेलेली बोटं तोवर दुखेनाशी झाली होती. कधी गेली ते समजलं नाही. एखादा पाहुणा आपण झोपेत असताना निघून जातो, तशी गेली.

पुढं शिक्षिकेची परीक्षा दिली आणि तळेगावाजवळच्या आंबी गावात मुलींना शिकवायला लागले. माझं बोलणं तिथं हळूहळू पुण्याचं झालं. आबा एकदाच आले, दारात उभं राहून वर्ग पाहिला, आत या म्हटलं तरी आले नाहीत. "पायाला चिखल हाय," म्हणाले. त्याच साली ते गेले.

मावशीला गिरणीनं पुन्हा घेतलं नाही. काही दिवस तिनं लोणावळ्याच्या फलाटावर करवंदं विकली. मी आंबीला खोली केली तेव्हा तिला घेऊन आले. यायला तयार नव्हती. "तुज्या जिवावर बसून खाऊ व्हय?" मी म्हटलं, माझी वेणी कोण घालणार. त्यावर तिनं बोचकं बांधलं.

शाळा भरली की ती मुलींच्या मागं भिंतीला टेकून बसायची. अक्षरं शिक म्हणून मी पुष्कळ सांगितलं, तिनं ऐकलं नाही. तिला फक्त मुलींनी एका सुरात म्हटलेले पाढे आवडत. ते म्हणताना एखादी चुकली, तर ती डोळे न उघडता "हूं" करायची. चूक तिला कशी कळायची देव जाणे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही इंद्रायणीवर जायचो. ती खडकावर बसून पाय पाण्यात सोडायची आणि बसल्या बसल्या झोपून जायची. मासे तिच्या बोटांना लागायचे. मी शेजारी बसून मोठ्यानं काहीतरी वाचत राहायचे, कारण वाचणं थांबलं की ती लगेच जागी व्हायची आणि विचारायची, "का गं, संपलं?"